काकांना तारीख स्टेटसवरून कळली

पत्र: माझं लग्न मार्गशीर्षात आहे. मी कोल्हापूरची, नोकरी पुण्यात, तो ठाण्याचा. साखरपुडा झाल्यापासून तो रोज काहीतरी इन्स्टावर टाकतो आणि मला टॅग करतो. मला ते नको असतं. बस्त्याच्या दिवशी त्याच्या बहिणीने रील केली. शालूची किंमत ऐकून बाबांचा उतरलेला चेहरा त्यात स्पष्ट दिसतो. मी त्यावर हार्ट टाकलं आणि रात्री रडले. लग्नाची तारीख त्याने स्टेटसला ठेवली, ती चुलतभावाने पाहिली आणि गावाकडचे मोठे काका रुसले. बोलायला गेले तर म्हणतो, "बाकीच्या मुली फोटो टाकत नाही म्हणून भांडतात. तुझ्या ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नाही का?" मी जुनाट आहे का?
– नाव नको, पुणे

प्रिय 'नाव नको',

जुनाट अजिबात नाहीस. पण तीन वेगळ्या तक्रारी तू एकातच घातल्या आहेस आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

आधी काका, कारण ते सोपं आहे. कुणाला कधी सांगायचं याचा क्रम आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून ठरलेला आहे. पहिली पत्रिका देवाला, मग भावकी, मामा, आणि मग गाव. ज्यांच्या दारात अक्षत घेऊन जायचं, त्यांना तारीख पोराच्या फोनवर दिसली तर ते रुसणारच. फोनवर 'सॉरी काका' म्हणून भागणार नाही. पुढच्या सुट्टीला दोघं जोडीनं गावी जा. जावईबापूंनी स्वतः पाया पडून 'चुकलं' म्हणायचं. काका दोन वाक्यं सुनावतील, ती ऐकून घ्यायची. तेवढ्यात काकू केळवणाचा विषय काढेल आणि पुढचं तीच बघेल. मात्र यापुढे घरची आमंत्रणं तोंडी पोचेपर्यंत हॉल, वेळ, काहीच बाहेर जाऊ देऊ नका.

आता ती रील. इथे मी तुलाही थोडं बोलणार आहे. नणंदेला काय दिसलं? वहिनीनं हार्ट टाकलं. म्हणजे वहिनीला आवडलं. तू रात्री रडलीस हे तिला कुठून कळावं? मुलीच्या बापाचा चेहरा बस्त्याला का उतरतो, हे कॅमेरा धरलेल्या मुलीच्या लक्षातही आलं नसेल. तिला एक फोन कर. सगळ्यांच्या ग्रुपवर नको, नवऱ्यामार्फतही नको. 'रील छान जमलीय गं, पण बाबांचा तो भाग काढून परत टाकशील? त्यांना अवघड वाटेल,' एवढंच. बहुतेक मुली त्याच मिनिटाला काढतात. तिने काढली नाही, तर मग तिच्या भावाने सांगायचं. ते त्याचं काम आहे, तुझं नाही.

बाकी सगळ्या नातेवाइकांना आवरणं तुम्हाला जमणार नाही. मानपान आता टॅगवर आलाय. एका आत्याच्या केळवणाचा फोटो टाकला आणि दुसरीचा राहिला, की दुसरी तो राग मांडवात काढते! म्हणून एक तर सगळ्यांचे टाका, नाही तर कुणाचेच नाही. माझं मत विचारशील तर कुणाचेच नाही.

राहिला तो स्वतः. त्याला आनंद झालाय आणि तो मिरवतोय, यात वाईट काही नाही. पण फोटोत दोघं असतील तर टाकायच्या आधी दोघांनी पाहायचा, एवढं ठरवायलाच हवं. तोवर इन्स्टाच्या सेटिंगमध्ये टॅगला मंजुरी लागेल असं करून ठेव. मात्र त्या सेटिंगमुळे फोटो तुझ्या प्रोफाइलवर दिसत नाही, एवढंच. त्याच्याकडे तो राहतोच. म्हणजे बोलणं काही टळत नाही.

मला खटकलं ते ऑफिसवालं वाक्य. चिडून एकदा तोंडातून गेलं असेल तर सोडून दे. पण तेच पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा 'विश्वास आहे ना, मग पासवर्ड दे' असं सुरू झालं असेल, तर हा प्रश्न फोटोंचा नाहीच. पासवर्ड देऊ नकोस आणि घरच्यांना न घेता त्याला समोर बसवून विचार: 'तुला नेमकी कसली भीती वाटते?' उत्तर नीट ऐक. पत्रिका छापायला टाकण्याआधी हे बोलणं झालेलं बरं.

पत्रिकेवरून आठवलं. तिच्यावर घरचा पत्ता असतो आणि घरातली सगळी माणसं कोणत्या दिवशी, किती वाजता बाहेर असतील तेही असतं. ती सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका. ज्यांना बोलवायचं त्यांनाच पाठवा, साधा फोटो किंवा पीडीएफ. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) पाठवून फोन ताब्यात घेणारे भामटे सध्या फिरताहेत, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांग. कुणी फसलंच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. आणि फोटोग्राफरला अॅडव्हान्स देण्याआधी लेखी घे, की तुम्हाला विचारल्याशिवाय तो तुमचे फोटो स्वतःच्या पेजवर टाकणार नाही. जाहिरातीसाठी ते सर्रास टाकतात, आणि मग अल्बम तुमच्या आधी गाव बघतं.

ताजा कलममध्ये तू विचारलंयस, प्री-वेडिंगचा व्हिडिओ हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावायचा का. लावा की, एवढे पैसे घातलेत. फक्त धबधब्यात भिजतानाचा भाग काकांची पंगत उठल्यावर.