दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर काढताय? आधी एवढंच बघा

छान सुरुवात केलीत, पहिल्या दिवशी दोनतीनच गोष्टी पक्क्या करा. सपाट नकाशावर पट्टी लावून मोजू नका, ध्रुवाकडे जाल तसा तो जास्त फसवतो, पृथ्वी गोल आहे त्यामुळे ग्रेट सर्कलचंच, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून सगळ्यात जवळच्या वाटेचं अंतर धरायचं, आणि आकडा नॉटिकल मैलात असेल तर १.८५२ ने गुणा म्हणजे किलोमीटर मिळतात. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो, साधा मैल समजतो!

आता वेळ. आडबाजूच्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यावर चालणारी विमानं असतात, वेग ताशी साधारण ५०० किमी, तिथे जेटचा ८०० धरलात की हिशोब बसणारच नाही. ४०० किमीला ४८ मिनिटं येतात खरी, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरून वर २०-२५ मिनिटं घालाच.

आणि हो,
- थेट फ्लाइट आहे का ते बघा, नसली तर मोठ्या विमानतळावरून वळसा पडतो आणि मधला थांबाच प्रवासापेक्षा मोठा होतो
- तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, टाइमझोन वेगळे असतील तर दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जगभराच्या एकाच प्रमाण वेळेत आणा, मगच वजाबाकी

वाऱ्याचा हिशोब सध्या राहू दे, एक जोडी निवडा आणि काढून बघा, अडलात तर विचारा.