दुसरा डोळा सांभाळताना

प्रिय मित्रा,

तुझे रिपोर्ट नीट पाहिले. सकाळी उठलास आणि उजव्या डोळ्याला खालचं अर्धं जग दिसेना, दुखलं मात्र जराही नाही. डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडण्याच्या या आजाराची हीच रीत. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या, त्यात तुझ्या नसेचं तोंड जन्मतःच अरुंद. तिथे रक्त कमी पडलं आणि नस सुजली. मेलेले तंतू पुन्हा येत नाहीत. काहींची नजर काही महिन्यांत थोडी सुधारते; पण हमखास औषध अजून नाही, तेव्हा हमी देणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नकोस.

आता सगळं लक्ष डाव्या डोळ्याकडे. पाच वर्षांत साधारण 15 टक्के लोकांचा दुसरा डोळाही असाच जातो, म्हणून रात्रीचं विचारतोय. झोपेत रक्तदाब उतरतो. बीपीची गोळी झोपताना घेत असशील तर वेळ बदलायची का, ते डॉक्टरांना विचार. परस्पर बदलू नकोस. घोरतोस का, मध्येच श्वास अडकतो का, हे आईला विचार, तुला स्वतःला ते कळणार नाही. आणि वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर लगेच सांग. युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये हा आजार त्याचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला आहे.

रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहा आणि एकेक डोळा झाकून तारखा वाच. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. कित्येकांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. डाव्यात जरा जरी फरक वाटला तर ऐरोलीची गाडी सोड आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.

ठाणे स्टेशनचा पूल उतरताना कठडा धर. एका डोळ्यावर खोलीचा अंदाज चुकतो, शेवटची पायरी फसवते. गर्दी ढकलते, ढकलू दे.

नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, असं समजू नकोस. सोमवारी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा आणि नस पुन्हा बघू. साखरेची वही आण, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आण. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाईक घरीच ठेव आणि भावाला सोबत घे.

तुझा,
काका