जळगाव ते पुणे विमानाने अंतर किती आणि खरा वेळ किती लागतो?

तुमचा हिशेब असा : अंतर सुमारे ३२० किलोमीटर, एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० किमी, म्हणजे ४० मिनिटं. मग तिकिटावर तासाच्या वर वेळ का? आणि विमान १२ वाजता उतरलं तर आईला २ वाजता पुण्यातल्या डॉक्टरांकडे नेता येईल का?

अंतर बरोबर आहे. जळगाव विमानतळ २०.९६ अक्षांश, ७५.६३ रेखांशावर, तर पुण्याचा लोहगाव १८.५८, ७३.९२ वर. अक्षांशातला फरक २.३८, गुणिले १११, म्हणजे २६४ किमी. रेखांशातला फरक १.७१, पण विषुववृत्तापासून वर आल्यावर रेखांश जवळ येतात, म्हणून १११ ला आणखी ०.९४ ने गुणायचं : १७८ किमी. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ३१८ किमी. कुठल्याही दोन विमानतळांना ही रीत लावा, फक्त ०.९४ च्या जागी तिथल्या अक्षांशाचा कोसाइन घ्या. रस्त्याने मात्र संभाजीनगरमार्गे ४०० च्या आसपास पडतात.

गोम वेगात आहे. ताशी ५०० हा एटीआर ७२ चा वर स्थिरावल्यानंतरचा वेग. चढताना तो बराच कमी असतो. सतरा-अठरा हजार फुटांवर जायला पंधरा मिनिटं धरा, तेवढ्यात ८०-९० किमी कापले जातात. उतरतानाही साधारण तसंच. म्हणजे पूर्ण वेगाने जेमतेम १४० किमी मिळतात, त्याला १७ मिनिटं. हवेतला वेळ झाला ४५ ते ५०. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुण्यात जागेवर थांबल्यावर संपते, त्यात दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरचं चालणं, धरलेलं असतं. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, नागरी वाहतूकही दाट. तिथे उतरायला घिरट्या घालाव्या लागल्या तर दहा-पंधरा मिनिटं सहज वाढतात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे पुण्याकडे जाताना दोन-तीन मिनिटं जास्त, परत येताना तेवढीच कमी.

उन्हाळ्याचं वेगळं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. जळगावची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे भर दुपारी वजनावर मर्यादा येऊ शकते. मेमध्ये सकाळचं विमान मिळत असेल तर तेच घ्या.

आता २ वाजताचं. १२ ला उतरून सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेबारा. आईसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी मागितली तर वाट पाहावी लागते. लोहगावहून डेक्कन-कर्वे रोड भागात जायला तास धरा, कोथरूडच्या पुढे त्याहून जास्त. पोचाल, पण विमान तासभर उशिरा आलं तर अपॉइंटमेंट हुकेल. ४ ची घ्या, किंवा आदल्या दिवशी जा.

भुसावळहून निघत असाल तर जळगावच्या अजिंठा चौफुलीवर डावीकडे वळून कुसुंब्याकडे, म्हणजे विमानतळाकडे, यायचं. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधीही बंद होऊ शकतं, म्हणून घरून किमान अडीच तास आधी निघा.