‘सर मला पाण्यात पाहतात’

संक्रांतीच्या आठवड्यात एक आई मुलीला घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. कात्रजहून दोन बस बदलून कर्वेनगरला आल्या होत्या. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी कॉमर्स झालेली, आयटीआयला ‘कोपा’ म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट या ट्रेडला शिकणारी. बसल्या बसल्या आईनं सांगून टाकलं, “ताई, नऊ दिवस झाले, ही डबा घेऊन घरातून निघते आणि स्वारगेटला बसून परत येते. मला काल कळलं.”

मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, “सर मला पाण्यात पाहतात.”

(दोघींच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कॉम्प्युटरचा कोर्स करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. कोपा असो, टायपिंग असो की टॅली, तक्रार जवळपास सारखीच असते. मार्क मुद्दाम कापतात, माझ्याच मागे लागतात, दुसऱ्यांना चालतं ते मला चालत नाही. पालकही मग दोन बाजूंना विभागले जातात. कोणी मुलाला म्हणतं, ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल.’ कोणी ओळखीचा माणूस घेऊन संस्थेत भांडायला जातं. या मुलीचा मामाही तयारच होता.

मार्कांकडे वळण्याआधी मी तिला झोप आणि जेवण विचारलं. दोन्ही बिघडलं होतं. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं. तसं काही नव्हतं. हा प्रश्न विचारायला घरच्यांना भीती वाटते, पण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर मार्क, हजेरी, कोर्स सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी मदत घ्यायची. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेल्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीसुद्धा लागतो.

मग मी म्हटलं, “पाण्यात पाहतात म्हणजे काय करतात, ते एकेक सांग.”

तिनं दोन प्रसंग सांगितले. पहिला पेनड्राइव्हचा. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून रविवारी मावसभावाच्या लॅपटॉपवर सराव करून ती फाइल घेऊन आली आणि लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला. सरांनी सगळ्यांसमोर तो काढून घेतला आणि म्हणाले, “घरून करून आणायला ही काय शाळेची वही आहे?” वर्ग हसला. तेव्हापासून तिच्या मनात अढी बसली.

दुसरा प्रसंग मार्कांचा. एक्सेलमध्ये पंधरा कर्मचाऱ्यांचा पगारपत्रक-तक्ता करायचा होता. हिला 100 पैकी 54 मिळाले आणि शेजारच्या मुलीला 71. आणि ते सांगताना ती पहिल्यांदा मान वर करून बोलली, “मॅडम, माझी सगळी उत्तरं बरोबर होती. तिचं पीएफ चुकलं होतं, म्हणून खालचं सगळंच चुकलं होतं. तरी मार्क तिला जास्त!”

खरं सांगते, ऐकून क्षणभर मलाही हा अन्यायच वाटला.

आईला तर वेगळाच प्रश्न पडला होता. “54 म्हणजे पासच की. मग रडायचं कशाला?” हा गोंधळ मला घरोघरी दिसतो. दहावीला 35 ला पास, त्यामुळे 54 म्हणजे चांगलेच गुण असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आयटीआयच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला आणि वर्षभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला किमान 60 टक्के लागतात आणि बाकीच्या विषयांना 33. थिअरीत काठावर पास होऊन निभावतं, हातानं करायच्या कामात नाही. तिचे 54 म्हणजे रेषेच्या खाली होते. मुलगी हे जाणून होती, आई जाणत नव्हती, आणि आईला समजावून सांगायची मुलीला लाज वाटत होती. त्या घरात तीन आठवडे दोघी वेगवेगळ्या कारणांनी गप्प होत्या.

मी तिला विचारलं, “तक्ता कसा केलास ते मला दाखव.” माझ्या टेबलावरच्या कागदावर तिनं रकाने आखले. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, पीएफ, हातात येणारी रक्कम. आणि मग झरझर तोंडी गुणाकार करत ती आकडे भरू लागली. आई अभिमानानं म्हणाली, “माझ्या डब्यांचा हिशेब सातवीपासून हीच ठेवते.” तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिनं लॅबमध्येही हेच केलं होतं. डायरीच्या मागच्या पानावर पंधरा जणांचे गुणाकार केले आणि तयार आकडे एक्सेलच्या चौकोनांत टाइप केले. एकही चूक नाही. पण सूत्रही नाही, म्हणजे एक्सेलला गुणाकार करायला सांगितलंच नव्हतं.

मी संगणकाची शिक्षिका नाही. मला जेवढं कळतं तेवढं मी तिला सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. ते तिनं सरांकडून ऐकायला हवं होतं. कारण माझ्याकडून ऐकलं असतं तर मार्कांचं कोडं सुटलं असतं, पण सरांच्या दारात जायची भीती तशीच राहिली असती.

आम्ही आधी भीतीला आकड्यात आणलं. हजेरी 80 टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, एवढं तिला माहीत होतं आणि ‘आता सगळं संपलं’ असं ती धरून बसली होती. तिच्याकडून दिवस मोजून घेतले. प्रशिक्षणाचे दिवस 96, हजर 74. म्हणजे 77 टक्के. पुढे एकही खाडा न करता किती दिवस गेलं तर 80 होतील? गणित तिनंच मांडलं. 14 दिवस. तेव्हा 110 पैकी 88. ती त्या 14 कडे बघतच राहिली. आई म्हणाली, “एवढंच?”

मग मी तिला सरांना विचारायचा प्रश्न लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, ‘मला कमी मार्क का दिले?’ हा प्रश्न कानावर पडला की समोरचा माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. मी म्हटलं, यातून ‘दिले’ काढ, उरतं काय? बऱ्याच खाडाखोडीनंतर वाक्य असं झालं: ‘सर, माझे 46 गुण कुठे गेले ते मला समजून घ्यायचंय. पुढच्या जॉबला मी काय वेगळं करू?’ (प्रात्यक्षिकाला दिलेल्या कामाला तिथं ‘जॉब’ म्हणतात.) मी सर झाले, ती दारात उभी राहिली. पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्यांदा रडली. तिसऱ्यांदा वाक्य पूर्ण झालं. त्या दिवशी तेवढं पुरे होतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. “मॅडम, बेरीज हललीच नाही!”

सरांनी तिची फाइल उघडली होती आणि पहिल्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार 18,000 चा 20,000 केला होता. भत्ते होते तसेच, एकूण रक्कमही होती तशीच. मग शेजारणीची फाइल उघडली. तिनं पीएफच्या चौकोनात 12 टक्क्यांऐवजी 10 टाकले होते. सरांनी त्या एका जागी 12 केले आणि पंधराच्या पंधरा ओळी क्षणात दुरुस्त झाल्या. शेजारणीनं तो चौकोन डॉलरचं चिन्ह लावून सूत्रात बांधून ठेवला होता, म्हणजे सगळ्या ओळी त्याच एका चौकोनातून टक्के घेत होत्या. तिचा चुकलेला तक्ता एक आकडा बदलला की सुधारत होता, हिचा बरोबर तक्ता एक आकडा बदलला की चुकत होता. ऑफिसात पगार दर महिन्याला बदलतात. तिथं कोणी पंधरा गुणाकार पुन्हा करत बसत नाही.

शाळेत बारा-तेरा वर्षं आपण मुलांना शिकवतो की उत्तर बरोबर आलं की मार्क. व्यवसाय प्रशिक्षणात काम कसं केलं, ते दुसऱ्याला वापरता येईल का, याला मार्क असतात. हा बदल फार मोठा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी कोणी मुलांना बसवून सांगत नाही. याची मला मनापासून खंत वाटते. हुशार मुलं नेमकी इथंच अडकतात, कारण त्यांचं उत्तर बरोबर असतं.

46 गुणांचा हिशेबही मिळाला. सूत्रं न वापरल्याचे 20, तोंडी प्रश्नांत गेलेले 12, डायरीवर त्या दिवशीची सही नाही आणि फाइलचं नाव बदललेलं नाही याचे मिळून 8, उशिराचे 6. फाइलचं नाव तिनं आपोआप येतं तेच, ‘बुक 1’ ठेवलं होतं. चोवीस मुलांच्या बॅचमध्ये अशा किती ‘बुक 1’ निघत असतील! नाव, रोल नंबर, तारीख घालून फाइल ठेवा, डायरी रोजच्या रोज सही करून घ्या, ही तिला कटकट वाटत होती. पण अंतर्गत मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे असतात, तपासणीत ते मागितले जाऊ शकतात. केलेलं काम, रोजची डायरी, तोंडी परीक्षा, हजेरी आणि वेळेवर येणं, हे सगळं त्या पुराव्यात धरलं जातं. सही नसलेलं काम केलं होतं हे सर उद्या कोणाला दाखवणार?

गुणांचे टप्पेही ठरलेले आहेत, आणि पालकांनी ते जरूर समजून घ्यावेत. अधूनमधून मदत घेऊन चालण्याजोगं काम केलं तर 60 ते 75 टक्क्यांच्या पट्ट्यात, थोड्याच मदतीनं बऱ्यापैकी चांगलं केलं तर 75 ते 90, आणि जवळपास कोणाच्याही मदतीशिवाय उत्तम केलं तरच 90 च्या वर. म्हणजे 71 हा आकडा वाईट नाही. ‘पंच्याण्णव का नाहीत?’ असं घरी विचारण्याआधी मूल ते काम एकट्यानं करू शकतं का, हे विचारायला हवं.

मुलीची परवानगी घेऊन मी एकदा सरांशी फोनवर बोलले. माणूस कडक होता, पण डूख धरणारा वाटला नाही. ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना नियम सांगतो. मोबाइल पेटीत, पेनड्राइव्ह बंद, आपापल्या मशीनवर बसायचं.” मी विचारलं, ही मुलगी पहिल्या दिवशी होती का? ते थांबले. ती शेवटच्या प्रवेश फेरीतून आलेली, वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. तिला नियम कोणी सांगितलेच नव्हते. प्रत्येक नियम तिला मोडल्यावर, बोलणी खाऊन कळला. असे नियम कळले की ते नियम वाटत नाहीत, राग वाटतो. तिच्या ‘पाण्यात पाहतात’चं मूळ मला इथं सापडलं.

पेनड्राइव्हबद्दल मी स्पष्ट बोलले. नियम योग्य आहे. बाहेरच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, आणि फाइल कोणी केली तेही कळत नाही. पण वर्गासमोर केलेला तो शेरा योग्य नव्हता. ज्या मुलीकडे घरी कॉम्प्युटर नाही तिनं रविवारी दुसऱ्याच्या घरी जाऊन सराव केला होता, आणि त्या कष्टाचंच हसं झालं. सर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याच आठवड्यात माझी सहा मशीन व्हायरसनं बसली होती. पण तसं बोलायला नको होतं.” फोन ठेवताना म्हणाले, “पेनड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. घेऊन जायला सांगा तिला.”

निदेशकांना, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांना, माझी एवढीच विनंती आहे की नियमांचा कागद लॅबच्या दारावर लावा आणि प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर तो पुन्हा वाचून दाखवा. नियमापुढे कारणही लिहा, एका ओळीत. पालकांनी भांडायला जाण्याआधी मुलाची डायरी उघडून बघावी. सह्या आहेत का, शेरे काय आहेत, किती दिवस भरलेत. आणि जिथं सगळं तपासूनही गुणांचा हिशेब मिळत नाही, किंवा जात, गाव, कपडे यांवरून बोललं जातं, तिथं लेखी अर्ज करून प्राचार्यांकडे जावं. मूल सांगतं ते प्रत्येक वेळी गैरसमजच असतं असं नाही. मी उलटी प्रकरणंही पाहिली आहेत.

तिचे 14 दिवस सुरळीत गेले नाहीत. अकराव्या दिवशी बस बंद पडली आणि ती सिंहगड रस्त्यावर अडकली. सकाळी नऊला रडत मला फोन. मी म्हटलं, मला नको, सरांना कर. तिनं केला. सर म्हणाले, उशिराची नोंद होईल, पण ये. तो दिवस भरला, उशिराचा शेरा पडला. फेब्रुवारीत आजारपणाचा एक दिवस गेला, तरी महिनाअखेर हजेरी 81 टक्क्यांवर होती. पुढच्या जॉबला 66 मिळाले. आईनं फोन करून विचारलं, “ताई, हे पास ना?” आईला आता साठची रेषा माहीत आहे, तरी खात्री करून घेतली.

सरांशी तिचं फार जमतं असं नाही. कामापुरतं बोलते. पेनड्राइव्ह अजून त्यांच्या कपाटातच आहे. मी निरोप दिला, तेव्हा ती म्हणाली, “त्यांनी दिला तर घेईन, मागायला नाही जाणार.” मी आग्रह केला नाही. पुढच्या मंगळवारी ती येणार आहे, तेव्हा त्यावर बोलू.