मे महिन्यात २४ घोडे कुठे गेले?

प्रश्न : सेकंडहँड मस्टँग जीटी आहे, ५ लिटर व्ही-८, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. जानेवारीत पुण्यात डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणारं मशीन) लावली तेव्हा चाकांवर ३४० हॉर्सपॉवर आले, मेमध्ये इथल्याच दुसऱ्या गॅरेजमध्ये ३१६. गाडीत काहीच बदललेलं नाही. गॅरेजवाले म्हणतात इंजिन थकलंय, खोलून बघू. दोन्ही शीट पाठवतोय. – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एक करा, इंजिन खोलू देऊ नका.

शीटवरचा मोठा आकडा सोडा आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात हवेची ओळ असते ती वाचा. इंजिन दर फेरीला जवळपास तेवढेच लिटर हवा ओढतं पण पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनावर, आणि हवा तापली की विरळ होते, उंचावर तर असतेच विरळ. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेला आकडा एका ठरलेल्या हवामानावर आणून दाखवतं, याला करेक्शन म्हणतात. तुमच्या दोन्ही शीटवर एसएई जे१३४९ हे करेक्शनचं मानक आहे, म्हणजे २५ अंश आणि ९९० मिलीबार कोरडी हवा.

जानेवारीत सकाळचे १४ अंश, दाब ९५०, प्रत्यक्ष मोजले ३२७, त्यात ४ टक्के भर घालून ३४०. ठीक. मेमध्ये ३८ अंश, मोजले ३०८ आणि भर फक्त अडीच टक्के. अहो, ऊन जास्त तर भरही जास्त पडायला हवी ना, इथे उलटंच, तिथेच पाल चुकचुकली. मग दाबाचा रकाना बघितला तर १००७! पुणं समुद्रापासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे मेमध्ये दाब ९४५ च्या आसपास असतो. १००७ हा मोबाइलच्या वेदर अॅपवर दिसतो तसला आकडा, गावागावांची तुलना करता यावी म्हणून समुद्रसपाटीला आणून ठेवलेला. मशीनचा सेन्सर बंद असणार आणि कुणीतरी फोनमध्ये बघून टाइप केलं असणार. ९४६ टाकून, दमटपणा तुमच्या शीटवरचाच २५ टक्के धरून मी परत हिशोब केला, भर १० टक्क्यांवर गेली. ३०८ चे झाले ३४०. घोडे तबेल्यातच आहेत.

खरं सांगायचं तर इतकं चपखल जुळलं यात थोडं नशीबही आहे. दोन वेगळ्या डायनोंमध्ये काही टक्के फरक सहज पडतो, शिवाय तापलेली हवा आत गेली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि ते नुकसान या फॉर्म्युल्यात धरलेलंच नसतं. उलटी गंमतही होते बरं का, तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या गरम झोतात लटकवलेला असतो, तो १० अंश जास्त दाखवतो, आकडा दोनेक टक्के फुगतो आणि मालक पेढे वाटतो. त्याची तक्रार घेऊन मात्र आजवर कुणी आलेलं नाही.

प्रश्न : मुंबईत जुलैमध्ये हवा जड असते, मग पॉवर जास्त मिळते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जड आपल्याला वाटते, घाम वाळत नाही म्हणून. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते आणि ती ऑक्सिजनची जागा अडवते. २९ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर साधारण ३४ मिलीबार नुसत्या वाफेचे. तरीही समुद्रकाठचा दाब एवढा चांगला की पावसाळी मुंबईत करेक्शन ३ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे पुण्याच्या थंडीतल्या सकाळपेक्षाही कमी. उंचीपुढे पाऊस काहीच नाही.

प्रश्न : माझी टर्बो आहे, मलाही ते १० टक्के धरता येतील का?

उत्तर : नका धरू. बाहेर दाब कमी असला तर ईसीयू टर्बो जास्त फिरवून आतला दाब बराचसा राखून घेतो, म्हणजे जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई सॉफ्टवेअर देऊन टाकतं. तुम्ही करेक्शनशिवायचा आकडा मागून घ्या, पंखा इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) समोर लावायला सांगा आणि दोन रनच्या मध्ये गाडीला जरा गार होऊ द्या, लागोपाठ तिसऱ्या रनला आकडा पडला म्हणून लगेच ट्यूनरशी भांडू नका.