पेटीला झिणझिण्या येतात, तेव्हा आधी अर्थिंग तपासा. डीसी निगेटिव्हचं नंतर बघू

तुमची मांडणी मला समजली ती अशी: ३६ व्होल्टचा एसएमपीएस (मेन्सपासून, म्हणजे २३० व्होल्टच्या विजेपासून, डीसी बनवणारा सप्लाय), त्यावर स्टेपर मोटरचा, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरचा, ड्रायव्हर (तिला प्रवाह देणारं सर्किट), सगळं पत्र्याच्या पेटीत. पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, मल्टिमीटर पेटी आणि अर्थ यांच्यात ११० व्होल्टच्या आसपास दाखवतो. तुम्ही विचारताय, डीसीचं निगेटिव्ह अर्थला जोडू का, आणि अर्थ नसेल तर न्यूट्रलला जोडलं तर चालेल का.

न्यूट्रलला कधीही नाही. प्लग उलटा बसला किंवा वाटेत न्यूट्रल तुटला, तर तुमची पेटी थेट फेजवर येते.

आता झिणझिण्यांचं. एसएमपीएसच्या इनपुटला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज ते बॉडी, दुसरा न्यूट्रल ते बॉडी. बॉडी अर्थला जोडलेली नसेल तर ती या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणून २३० च्या निम्मे व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हे रीडिंग सरळ सांगतं: तुमच्या पेटीपर्यंत अर्थ पोचलेलाच नाही. उद्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, आणि तुम्ही हात लावायची वाट बघत पेटी २३० वर बसून राहील. हे दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवू नका, ही कळकळीची विनंती.

माझ्या एका पेटीत हिरवी-पिवळी वायर व्यवस्थित बोल्टला कसलेली होती. बोल्टवर मीटर टेकवला की बीप यायचा, पत्र्यावर टेकवला की नाही. लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, रंगावर बसला होता! रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वरून दुसरा नट आवळला, कारण मोटरच्या थरथरीने एकच नट सैल होतो. दार बिजागरीवर असेल तर त्याला वेगळी वायर द्या, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. मग प्लग काढून त्याच्या अर्थ पिनेपासून पत्र्यापर्यंत ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. उरतं ते जवळपास शून्य हवं. अर्थात सॉकेटमध्येच अर्थ नसेल तर ही सगळी मेहनत वाया, म्हणून तोही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

डीसी निगेटिव्ह हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्यासारखा आयसोलेटेड एसएमपीएस (ज्याची डीसी बाजू मेन्सपासून विलग असते) असेल तर निगेटिव्ह अर्थला जोडणं मला योग्य वाटतं: आतलं इन्सुलेशन फुटून मेन्स डीसीकडे आलं तर त्याला अर्थची वाट मिळते. पण जोड एकाच जागी, एसएमपीएसच्या टर्मिनलजवळ. यूएसबीने कॉम्प्युटर जोडलेला असेल तर निगेटिव्ह बहुतेक वेळा तिकडूनही अर्थला गेलेलं असतं. मग दोन वाटा होतात, मोटरच्या प्रवाहाचा काही भाग बारीक यूएसबी केबलमधून वाहतो आणि ड्रायव्हरला हुकूम देणारा कंट्रोलर मधेच अडकतो. अशा वेळी यूएसबी आयसोलेटर लावा, म्हणजे डेटा जातो पण निगेटिव्हची जोड तुटते. मोटरच्या केबलची शील्डही (तारांभोवतीची धातूची जाळी) ड्रायव्हरच्या टोकालाच अर्थ करा, मोटरकडचं टोक मोकळं ठेवा.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्या ड्रायव्हरमध्ये मेन्स थेट रेक्टिफाय होतं, म्हणजे विलग न करताच त्याचं डीसी होतं, व्हीएफडीसारखं (एसी मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), तिथे आतल्या डीसी बसचं, म्हणजे त्या डीसीच्या लाइनचं, निगेटिव्ह चुकूनही अर्थला जोडू नका. २३० च्या मेन्सवर ती बस सुमारे ३२५ व्होल्टची असते, आणि तिचं निगेटिव्ह डायोडमधून मेन्सलाच जोडलेलं असतं. अर्थला टेकवलं की थेट शॉर्ट. ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची) अर्थला जोडलेली ग्राउंड क्लिप तिथे लावली तरी तेच होतं. वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. थांबा, व्होल्ट मोजा, मगच हात घाला.

पेटीचं रीडिंग शून्यावर आलं की कळवा. कंट्रोलर तरीही मधेच अडकत राहिला तर वायरिंगचा फोटो टाका, निगेटिव्ह कुठे कुठे जोडलंय ते बघू.