नाशिकहून तीन दिवसांत कोकणातली किती लाईटहाऊस बघून होतील?

तुम्ही सहा लाईटहाऊसचा प्लॅन लिहिलाय, सोबत सत्तरीच्या आई आणि आठ वर्षांचा मुलगा, तर मनापासून सांगते, दोनच करा. आतून बघू देतात ती बहुतेक संध्याकाळी थोडाच वेळ उघडी असतात, म्हणजे दिवसाला एकच नीट होतं, बाकी ठिकाणी गेटपाशी फोटो काढून परत.

आम्ही पंचवटीतून पहाटे चारला निघालो, कसारा, भिवंडी, पनवेल, पेण करत अलिबाग. पहिलं कोर्लई करा. गाडी जवळजवळ दीपगृहापर्यंत जाते आणि किल्ल्याच्या पायऱ्या तिथूनच मागे सुरू होतात, त्यामुळे आईंना खाली वारा खात बसता येईल, तुम्ही मुलाला घेऊन वर जा. किल्ला पोर्तुगीजांचा, १५२१ चा. निघायच्या आधी मुलाला आपल्या पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा नक्की दाखवा, १७३९ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाची खूण आहे ती, मग तिकडे गेल्यावर पोर्तुगीज कोण ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि दीपगृहात वरपर्यंत चढाच. आम्ही गेलो तेव्हा दिव्याच्या खोलीला पडदे लावलेले, मला वाटलं धुळीसाठी असतील, तर तिथले दादा म्हणाले ही भिंगं रात्री उजेड लांब फेकतात तशीच दिवसा ऊन आत गोळा करतात, उघडी ठेवली तर आतलं जळेल. दिवा म्हणाल तर मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्याभोवती काचेच्या कड्यांवर कडी, मी किती वेळ नुसती बघतच उभी होते!

दुसऱ्या दिवशी थळहून होडीने खांदेरी, महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतलेला किल्ला, आता युनेस्कोच्या यादीत पण आलाय, आणि त्यावरचं दीपगृह १८६७ चं. आईंना होडीत चढउतर जमणार असेल तरच हं, नाहीतर त्यांना थळलाच थांबू द्या. पावसाळ्यात जाऊ नका, दिवाळीनंतर बरं. रत्नागिरीचं पण १८६७ चंच आहे पण अलिबागहून फार लांब पडतं, ते पुढच्या खेपेला ठेवा.

कोर्लईहून अंधार पडला की लगेच निघू नका. किनाऱ्यावर बसून मुलाला एका झोतापासून दुसऱ्यापर्यंतचे सेकंद मोजायला लावा, प्रत्येक दीपगृहाचा हिशोब वेगळा असतो आणि त्यावरूनच बोटवाल्यांना कळतं आपण कुठे आलो ते. माझी मुलगी हॉटेलच्या गच्चीतून झोपेपर्यंत मोजत होती.